वडखळ, पहाटे ५.४०

हरतालिकेच्या दिवशी पहाटे मी वडखळला रस्त्याच्या कडेला उभा असतो. पेणला माझ्या मेव्हण्याचा गणपतीचा कारखाना आहे. शेवटच्या दोन दिवसांत तिथे हात कमी पडतात, म्हणून मी रोह्याहून जातो, मूर्ती गाडीत चढवायला मदत करतो. रात्रभर जागल्यावर झोप लागत नाही. मग स्कूटर काढून महामार्गावर येतो, फोनवर चार ओळी लिहितो :

'वडखळ, पहाटे ५.४०. मुंबईकडून येणाऱ्या गाड्या हळू, पण चालू. अलिबागचा फाटा मोकळा. पाऊस बारीक.'

या ओळी मी कुणा एकाला पाठवत नाही. नाक्यावरच्या फळ्यावर खडूने लिहावं तशा ट्विटरवर ठेवतो. ट्विटरचं नाव आता एक्स झालं आहे, माझ्या तोंडी मात्र जुनंच बसलं आहे. पाच मिनिटांत विचारणा सुरू होते. दादरहून रात्री निघालेला कुणी खारपाड्याच्या पुलावरून विचारतो, "काका, पेणला चहाला थांबू की वडखळ आधी पार करू?" माणगावची एक मुलगी विचारते, "आईबाबा एसटीत आहेत, फोन लागत नाही, रस्त्यात कुठे अडकलेत का?" या दोघांनाही मी ओळखत नाही. त्यांनीही मला पाहिलेलं नाही. तरी मी उत्तर देतो, आणि माझ्या आधी कोलाडच्या कुणीतरी त्या मुलीला कळवलेलं असतं की पुढे कुठे अडकलेलं नाही.

मी सत्तरी ओलांडलेला, पोस्टातून निवृत्त झालेला माणूस आहे. हे मला जमलं कसं, असं लोक विचारतात. माझं उत्तर असतं की मी आयुष्यभर दुसरं काय केलं? १९७५ साली मी नोकरीला लागलो तो सिग्नलर म्हणून. म्हणजे तारा पाठवणारा नि घेणारा. टेबलावर मोर्सची चावी, समोर साउंडर, त्याचं कट्ट-कडकट्ट कानात आणि हातात पेन्सिल. रोहा, नागोठणं, पेण, सगळी नोकरी याच पट्ट्यात झाली. खिडकीशी येणारा माणूस फॉर्मवर अर्धं पान लिहून आणायचा आणि मी ते सात-आठ शब्दांवर आणायचो, कारण पैसे शब्दावर होते. 'वडील आजारी, ताबडतोब निघा.' आजार कोणता, डॉक्टर कोण, शेजारणीने काय सांगितलं, हे सगळं त्याने तोंडी मला सांगितलेलं असायचं. ते मी ऐकून घ्यायचो आणि खोडायचो. त्या माणसाला वाटायचं, हा किती निष्ठुर. पण मुंबईतल्या गिरणीत उभ्या असलेल्या मुलाला हवं असायचं ते एवढंच : कोण, काय, आणि मी काय करू?

तेव्हा तार म्हटली की वाचण्याआधी रडं यायचं. बारशाची, नोकरी लागल्याची तारही लोक थरथरत उघडायचे. चांगल्या बातमीला कोकणात पोस्टकार्ड होतं.

तारेपेक्षा ट्विटरचं नातं पोस्टकार्डाशी जास्त जवळचं आहे, हे मला फार उशिरा कळलं. मोबाइलवरच्या संदेशाला १६० अक्षरांची मर्यादा कुठून आली, त्याची ही गोष्ट. १९८५ साली जर्मनीत बॉन शहरात फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाचे अभियंते टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं टाइप करून अक्षरं मोजत बसले. बहुतेक वाक्यं १६० च्या आत संपत होती. मग त्यांनी लोक पोस्टकार्डावर किती लिहितात ते पाहिलं, तर तिथेही पुष्कळदा दीडशेच्या आतच. यावरून १६० ठरले. २००६ च्या मार्चमध्ये अमेरिकेत ट्विटरचा पहिला संदेश गेला, तेव्हा तो मोबाइलच्या एसेमेसवरूनही चालावा अशी योजना होती. म्हणून १६० पैकी २० अक्षरं लिहिणाऱ्याच्या नावासाठी राखली आणि उरली १४०. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांची २८० झाली. आमच्या खात्याचं कार्ड असं जगभर पोचलं आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

इंग्रजीत याला मायक्रोब्लॉगिंग म्हणतात. थोडक्यात लिहायचं, सगळ्यांना दिसेल असं लिहायचं, आणि ज्याला तुमचं लिहिणं हवं असेल त्याने तुमच्यामागे यायचं. व्हॉट्सअॅप म्हणजे घराचं माजघर : तिथे आपलीच माणसं, आणि कुणाला आत घ्यायचं ते घरधनी ठरवतो. ट्विटर म्हणजे एसटी स्टँड. बाकावर शेजारी बसलेला कोण ते ठाऊक नसतं, पण त्यालाही त्याच गाडीने जायचं असतं. आमच्या भागात माणसांना जोडणाऱ्या गोष्टी रक्ताच्या नात्याहून वेगळ्याही आहेत. एक महामार्ग, एक रेल्वे आणि दोन-तीन नद्या. कुंडलिकेचं पाणी चढलं की ज्याला कळायला हवं त्याचा नंबर माझ्याकडे असेलच असं नाही.

मराठीतून लिहिताना एक गमतीची अडचण येते. तारेत शब्द मोजायचे म्हटलं, तर मराठीची चैन आहे. 'पेणहून' हा एकच शब्द, इंग्रजीत त्याला दोन लागतात. प्रत्यय आपला शब्दाला चिकटून येतो. इथे मात्र अक्षरं मोजतात, आणि यंत्र काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगवेगळं धरतं. 'पेण' तीन, 'रोहा' चार, 'जांभूळपाडा' दहा. 'स्त्री' हा शब्द कागदावर एका अक्षराचा दिसतो, पण त्याचे सहा मोजले जातात : स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. साध्या एसेमेसमध्ये तर देवनागरी आली की १६० ची मर्यादा सत्तरवर येते. म्हणून १४० च्या काळात मी लिहिलेलं पुन्हा पुन्हा खोडत बसायचो. जुन्या सवयीमुळे मला ते आवडायचं. तरुणांना मात्र मी सांगतो की अक्षरं वाचवायला मराठी रोमन लिपीत लिहू नका. आज २८० पुरतात. ट्विटरवर एकदा मराठीचं एक संमेलनच भरलं होतं, कविता, कथा, बोलीतलं लेखन, सगळं देवनागरी हॅशटॅगखाली. मी कविता करत नाही, पण त्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो होतो. आगरी बोलीत कुणी लिहिलेलं फोनच्या पडद्यावर पहिल्यांदा वाचलं ते तेव्हा.

ट्विटरवर लिहायला मला शिकवलं भाच्याने. २०१३ साली मी निवृत्त झालो आणि त्याच वर्षी १४ जुलैच्या रात्री देशातली तारसेवा बंद झाली. चावी माझ्या हातून त्याआधीच सुटली होती, मी कित्येक वर्षं काउंटरवरच होतो. तरी मन खट्टू झालं. भाचा दिवा-रोहा गाडीने कामाला जायचा. तो म्हणाला, "मामा, मी गाडीतून लिहितो, तुम्ही घरी बसून वाचा, मला जेवायला कधी वाढायचं ते मामीला कळेल." सुरुवात इतकी घरगुती होती.

त्या गाडीमुळेच मला कळलं की इथेही सगळं पत्त्यावर अडतं. तारेच्या फॉर्मवर पहिलं काय बघायचं? मजकूर नव्हे, पत्ता. आमचं रोहा स्टेशन म्हणजे एक सीमा आहे. १९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत आली, ती मध्य रेल्वे. तिथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते, जी १९९८ च्या मे महिन्यात सबंध मार्गावर राष्ट्राला अर्पण झाली. रूळ एकच, प्रवासी तेच, पण कासूजवळ झाड पडलं तर ते मध्य रेल्वेला कळवायचं आणि कोलाडच्या पुढे दरड आली तर कोकण रेल्वेला. लोक रागाच्या भरात मंत्र्यापासून वर्तमानपत्रापर्यंत दहा जणांची नावं जोडतात आणि ज्याने काम करायचं त्याचंच नाव राहून जातं. नावाआधी जे गोल शेपटीचं ॲटचं चिन्ह लावतात, ते पूर्वी दुकानदाराच्या बिलात दर सांगायला असायचं. आता त्याचा अर्थ 'प्रति' असा झाला आहे. पाकिटावर आपण 'प्रति' लिहितो, तसंच.

योग्य पत्ता असला तर काय होतं, ते सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना देशाने पाहिलं. ते कोकणातलेच, राजापूरचे अनेक वर्षांचे खासदार. २०१४ च्या नोव्हेंबरपासून २०१७ च्या सप्टेंबरपर्यंत त्यांच्याकडे रेल्वे होती. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये शेगावजवळ गाडीत एक प्रवासी त्रास देतो आहे, असं एका महिलेने मंत्रालयाला लिहिलं, गाडीच्या नंबरासह. भुसावळला सुरक्षा दलाची माणसं डब्यात हजर. त्या संदेशात गाडीचा नंबर होता, जागा होती, काय चाललं आहे ते होतं. एक शब्द काढायला जागा नव्हती. मी पोस्टात असतो तर ती तार जशीच्या तशी पाठवली असती.

याउलट चूक माझ्या हातूनही झाली आहे, आणि ती सांगणं भाग आहे. एका जुलैत मी दुपारी लिहिलं, 'रोहा : कुंडलिकेचं पाणी ओसरलं.' वेळ घातली नाही. कुंडलिकेला नुसता इथला पाऊस पुरत नाही. वर भिऱ्याच्या वीजघरातून मुळशीचं पाणी तिच्यात येतं, त्यामुळे घटका-दोन घटकांत चित्र बदलतं. संध्याकाळी पाणी पुन्हा चढलं, आणि माझी दुपारची ओळ एकाने पुढे पाठवली, दुसऱ्याने त्यावर विसंबून मोटारसायकल काढली. त्याला वाटेत लोकांनी थांबवलं, तो घरी सुखरूप पोचला. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तारेवर वेळ आम्ही आपोआप घालायचो. फोनवर वेळ कोपऱ्यात छापून येते, पण ओळ चार हातांतून गेल्यावर ती कोण बघतो? तेव्हापासून माझी प्रत्येक ओळ जागा आणि वेळ घेऊन सुरू होते. मग मी काय पाहिलं ते. ऐकलेलं असेल तर 'ऐकलं' असं लिहितो. पाण्याच्या पातळीसाठी जिल्हा प्रशासनाचं पत्रक आणि पावसासाठी हवामान खात्याचा इशारा वाचायचा. हवामानशास्त्रज्ञ कृष्णानंद होसाळीकर ट्विटरवर नेमाने माहिती देत आले, ते मी वर्षानुवर्षं वाचतो. माझं काम फक्त पुलावर जाऊन डोळ्यांनी पाहण्याचं.

पुराचं मला इतकं का लागतं, त्याला कारण १९८९ ची २४ जुलै आहे. मी पेणला होतो. रात्रीत अंबा नदीने जांभूळपाडा आणि नागोठण्याची वाताहत केली. सकाळी आमच्या खिडकीशी माणसांची रांग, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "मास्तर, तिकडची काही खबर?" मी चावीवर हात ठेवून बसलो होतो. पलीकडून उत्तर नाही. नागोठण्याला मी नोकरी केलेली, त्या ऑफिसातली खुर्ची, दिवा, दारातला प्राजक्त माझ्या डोळ्यांसमोर होता आणि साउंडर गप्प होता. एक म्हातारी दुपारपर्यंत पायरीवर बसून राहिली. तिची लेक जांभूळपाड्याला दिलेली. तिला द्यायला माझ्याकडे एक शब्दही नव्हता.

३१ वर्षांनी तेच पुन्हा झालं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलं. टाळेबंदीचे दिवस. दुपारी रोह्यात वारा असा सुटला की पत्रे कागदासारखे उडत होते. वीज गेली, टॉवर गेला, फोनवर रेघ नाही. आधुनिक साधनाचं गुणगान करणाऱ्याने हे विसरू नये : टॉवर पडला की ट्विटरही साउंडरसारखंच गप्प होतं. टॉवर जाण्याआधी लोकांनी विचारलेले प्रश्न मात्र माझ्या फोनमध्ये येऊन थांबले होते. मस्कतमध्ये नोकरी करणारा एक मुलगा, त्याची आई आमच्याच आळीत एकटी. पुण्याची एक बाई, तिचे सासू-सासरे. ठाण्याचे एक निवृत्त शिक्षक. यांतला एकही नंबर माझ्याकडे नव्हता, पण त्यांनी चारचौघांत विचारलं होतं म्हणून मला ठाऊक होतं की कोणाचं दार ठोठावायचं आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी एक जुनी वही आणि पेन्सिल घेतली, तोंडाला रुमाल बांधला आणि घराघरांत गेलो. १९ घरं झाली. नाव, आळी, माणसं कशी, घर कसं. मस्कतवाल्याची आई अंगणात पडलेल्या आंब्याकडे बघत बसली होती. म्हणाली, "त्याला सांग, मी बरी आहे, कौलं गेली, भिंती उभ्या आहेत." भाच्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी नागोठण्याच्या बाजूला निघालो. वाटेत आडवी झाडं, लोक कुऱ्हाडी घेऊन रस्ता मोकळा करत होते. दोन ठिकाणी उतरून गाडी उचलून पलीकडे नेली. एका चढावर फोनला दोन रेघा आल्या. तिथे दगडावर बसून मी १९ ओळी लिहिल्या. पूर्ण नावं लिहिली नाहीत, ज्याने विचारलं त्याच्याच प्रश्नाखाली उत्तर ठेवलं. 'रोहा, ४ जून, दुपारी १.१५ चा निरोप. सकाळी पाहिलं. आई सुखरूप. कौलं गेली, भिंती उभ्या.'

मस्कतहून लगेच उत्तर आलं. एकच शब्द होता : 'पोचलं.'

मी नोकरीत हजारो तारा पाठवल्या. त्या वाचणाऱ्याचा चेहरा किंवा आवाज माझ्यापर्यंत कधी आला नाही. तो शब्द वाचून मी त्या दगडावर बराच वेळ बसून राहिलो. भाचा काही बोलला नाही.

या साधनांची नावं बदलतात, दुकानं उघडतात नि बंद होतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ट्विटर इलॉन मस्क यांनी घेतलं, पुढच्या जुलैत नाव बदललं. पूर्वी नावापुढची निळी खूण म्हणजे ओळख पटलेली असं असायचं, आता ती पैसे भरून मिळते, तेव्हा तिच्यावर विसंबू नये. कू नावाची देशी सेवा २०२० मध्ये निघाली, तिच्यात मराठी होती, २०२४ च्या जुलैत ती बंद झाली. मॅस्टोडॉन आहे, जे कुणा एकाच्या मालकीचं नाही. थ्रेड्स आहे, ब्लूस्काय आहे. कुठेही लिहा. माझं म्हणणं एवढंच की या ओळखी जमल्या, तर माणसाचा फोन नंबर कागदावरही उतरवून ठेवा. मस्कतच्या मुलाचा नंबर माझ्या त्याच वहीत आहे. दोन वर्षांनी तो रोह्याला आला, घरी जेवला, कुंडलिकेवरच्या पुलावर माझ्याबरोबर फिरायला आला. आता त्याच्या आईकडे मी आठवड्यातून एकदा जातो. ते काम फोनवर होत नाही.

काही लोक म्हणतात, तिथे नुसती भांडणं असतात. असतात. एसटी स्टँडवरही असतात. मी त्यात पडत नाही, कारण माझ्याकडे सांगायला जागा आणि वेळ असते, आणि जो भांडायला आला आहे त्याला त्यात काही घेण्यासारखं सापडत नाही. ज्याला रस्ता गाठायचा आहे त्याला सापडतं.

यंदा गणपतीला तुम्ही मुंबईहून खाली उतराल. गाडी चालवणाऱ्याने फोनला हात लावू नये, पण शेजारी बसलेल्याने खारपाडा, पेण, वडखळ, नागोठणं, कोलाड, जिथे असाल तिथून एक ओळ लिहावी : जागा, वेळ, रस्ता कसा आहे. तुमच्या मागे दोन तासांच्या अंतरावर कुणाचे तरी आईवडील येत असतात. वडखळची ओळ मी लिहीन, पुढची तुम्ही लिहा.